पाऱ्याच्या नळीचा आकडा

मोरचुदाचा निळा रंग दिसला की मला माझी चूक आठवते. बालाघाटला वैनगंगेवरून येणारा लोखंडी नळ जमिनीत गंजू नये म्हणून त्याला थोडी वीज देत असत, आणि ती पुरते का हे मी, नवखा इंजिनिअर, मोरचुदाचं पाणी भरलेली नळी ओल्या मातीत टेकवून मीटरवर बघायचो. आकडा साडेआठशे मिलिव्होल्टच्या वर हवा असे. एकदा ती नळी फुटली, म्हणून मी तेच काम करणारी प्रयोगशाळेतली पाऱ्याची नळी नेली, तर आकडा आला आठशे. धानाच्या बांधावर, मजुरांसमोर, मी विजेची पेटी सांभाळणाऱ्या वयस्कर ऑपरेटरवर ओरडलो, "करंट काहून कमी केला?" "साहेब, मी हातबी नाही लावला," तो म्हणाला. "काका, करंट घरी नेऊन भाजी शिजवली का?" एक मजूर बोलला आणि सगळे हसले. मी पेटीची किल्ली काढून घेतली अन् त्याला खड्डे खोदायला लावलं. पुढे मोरचुदाची नवी नळी आली, आणि त्याच जागी, तेवढ्याच करंटवर, आकडा आला पावणेनऊशे. पाऱ्याची नळी पंचाहत्तर कमी दाखवते, ते मिळवूनच साडेआठशेशी ताडून बघायचं असतं, हे मी विसरलो होतो. तरीही लाजेपोटी कितीतरी दिवस गप्प राहिलो, आणि तो कुदळ मारत राहिला. शेवटी त्याच बांधावर, त्याच मजुरांसमोर, फोड आलेल्या त्याच्या तळहातावर मी किल्ली ठेवली. "काका, करंट बरोबर होता. हिशेब माहा चुकला अन् चोर तुमाले ठरवलं. मले माफ करा."