कोपरापर्यंत हात

आमच्या मामासासऱ्यांनी उभ्या आयुष्यात तपासल्यावाचून एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला, ती म्हणजे स्वतःचा संशय. सकाळी सूर्य उगवला तरी ते आधी गच्चीवर जाऊन तो पूर्वेलाच आहे ना एवढं बघून येतात आणि मगच चहाला बसतात. खोटं वाटत असेल तर मेहरूणला त्यांच्या शेजारी आठ दिवस राहून पाहा. यात दोष त्यांचा नाही, धंद्याचा. जन्मभर ते जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. गाडी आली की बाकीचे वरचा पांढराशुभ्र कापूस बघत बसायचे. मामा मात्र बाही सारून हात कोपरापर्यंत आत खुपसायचे आणि डोळे मिटायचे. आत पाणी मारलंय की मागच्या सालचा पिवळा माल दडपलाय, हे त्यांची बोटं त्यांना सांगायची. दोंडाईच्याच्या एका गाडीतून म्हणे त्यांनी एका दमात ओला कापूस, अर्धी वीट आणि गाडीवाल्याची दिवाळीपासून हरवलेली चप्पल बाहेर काढली होती. "वरना माल दाखवाना ऱ्हास, जवाईबापू," ते मला बजावत, "आन् खालना इकाना!"

निवृत्त झाल्यावर तो हात काही निवृत्त झाला नाही. तो गव्हाच्या कोठीत गेला, लग्नघरच्या बुंदीच्या टोपल्यात गेला, पाहुण्यांच्या पिशव्यांत तर न विचारता गेला. ताटात पडलेली भाकरीसुद्धा उलटून बघितल्याशिवाय त्यांनी कधी मोडली नाही. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझा हात हातात घेऊन अंगठ्यानं बोटं अशी ओढून पाहिली की मला वाटलं, आता हे माझी लांबी मोजणार. शेवटी मांडवाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "धागा बरा शे. पण ओल वाटस." मला घाम फुटला होता, ते त्यांना कुणी सांगायचं?

अशा माणसाच्या घरी संपूर्ण आहाराच्या पावडरचा डबा यावा, हा नियतीचाच चावटपणा. झालं असं, की मामी धुळ्याहून येताना बसच्या पायरीवरून घसरल्या आणि जबडा मोडला. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे चावायचं नाही, नळीनं जाईल तेवढंच घ्यायचं. गल्लीला वाटलं, चला, मामींचं तोंड बंद झालं. कसलं काय! मामी मिटल्या दातांतून बोलू लागल्या आणि त्यांचा प्रत्येक शब्द आता गाळून, धार लावून बाहेर यायला लागला.

दवाखान्यातून पावडर लिहून दिली होती. मामांनी डबा कपाटावर भिरकावला. "पावडर पिकावर मारतंस, मानसले नही पाजत!" आणि त्यांनी मुगाचं पाणी, पेज, ताक असा कारभार हाती घेतला. दोन आठवड्यांत मामी निम्म्या झाल्या. वजनकाट्यावर मामांचा विश्वास नव्हता, स्प्रिंग कुणाच्याही बाजूनं झुकते म्हणे. पण एका दुपारी मामींनी दांडीवरचा टॉवेल काढायला हात वर केला आणि मनगटात घट्ट बसणारी त्यांची काचेची बांगडी खळकन कोपरापर्यंत उतरली. मामांनी ते पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि कुणाशी भांडलेही नाहीत. मामी घाबरल्या त्या या दुसऱ्या गोष्टीनं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसले. हातात कुणाची तरी जुनी लग्नपत्रिका, तिच्या पाठीवर प्रश्नांची माळ.

"यामा भाजी कुठे शे?"

"भाजीतली जीवनसत्त्वं, खनिजं आहेत, काका. भाजी नाही."

"म्हणजे वांगं नहीच, नुसता वांगाना दाखला शे! बरं, हे औषध शे की जेवण?"

"जेवणच, पण पातळ. सांगितलेल्या मापानं दिवसभराचे सगळे पेले घेतले तर अंगाला लागतं ते सगळं मिळतं. एखाद्या पेल्यानं भागत नाही."

"सवय लागी गई तं?"

"नाही लागत. तारा निघाल्या की हळूहळू भाकरी."

"किडनीले?"

"काकूंचे रिपोर्ट बघूनच दिलंय. उठून कुणीही पीत सुटावं असं ते नाही."

मामा पुढे झुकले. हा प्रश्न कागदावर नव्हता. "पोट भरस का?"

"पोट भरतं," बाई म्हणाल्या, "जेवल्यासारखं वाटेलच असं मात्र नाही सांगत."

मामांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन आपल्या मालाचं उणं सांगितलं होतं. "इनी खालना माल बी दाखाडा," ते पुटपुटले.

एवढ्यावर गाडी थांबली असती तर ते मामा कसले? बाई माप दाखवायला आम्ही सोबत नेलेलाच डबा उघडून म्हणाल्या, "चमचा आतच असतो. खाली गेला असेल." खाली! हा शब्द कानी पडताच मामांची बाही वर गेली. वीतभर खोल डब्यात कोपरापर्यंत हात कसा गेला, हे शास्त्राला न सुटलेलं कोडं आहे, पण तो गेला. डोळे मिटले. खोली पांढऱ्या धुरानं भरली. आणि मामांनी विजयी मुद्रेनं चमचा वर काढला. "दडपेल व्हता!"

"काका, हात धुतला होता का?" बाई किंचाळल्या. "आता हा डबा पेशंटला अजिबात द्यायचा नाही!"

मामींसाठी नवे डबे आले. बाटलेला डबा फेकायला मामा तयार होईनात. "मी पेतो. माल आधी ग्रेडरनी तपासाना ऱ्हास." तेव्हापासून सकाळी दोघं समोरासमोर पेले घेऊन बसू लागले. मामी नळीनं, मामा मिशीनं. घरात फोडणी बंद, कारण वास मामींना छळतो. एरंडोलकडच्या मळ्यात भावकीची भरीत पार्टी झाली, तिथेही मामा पेला घेऊन हजर. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीच्या चळती लागत होत्या. चुलतभावानं मामांना हटकलंच, "नाना, आते बाटलीवरच का? दात येवानी वाट पाही ऱ्हायनात का?"

"तपासनी चालू शे," मामा म्हणाले आणि भरिताकडे पाठ करून बसले. तुम्हाला म्हणून सांगतो, त्यांच्या नाकपुड्या मात्र माणसासारख्या वळून मागे बघत होत्या.

चार आठवडे तपासणी चालली. आम्ही म्हटलं, म्हातारा हट्टाला पेटला. तारा निघाल्या, मामींनी मऊ भरिताचा पहिला घास घेतला आणि मोकळ्या तोंडानं पहिलं वाक्य टाकलं, "मीठ कमी शे." मामांनी त्यांचा हात धरला, बांगडी वर सारली. मनगटाच्या वर दोन बोटांवर ती अडली.

"माल पास!"

"मी काय कापूस शे का?" मामी खेकसल्या आणि खेकसता खेकसता थांबल्या. मामांनी हात वर केला होता आणि त्यांचं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ घरंगळत कोपराशी गेलं होतं.

मामींनी ते मनगट पकडलं. "दिवसाले किती पेले?"

"एक. दुसरं काही नही."

"आन् बाईनी किती सांगेल व्हतात?"

"डबा एकच व्हता," मामा चोरासारखे म्हणाले. "तू एकटी पेत बसती का?"

तारेनं बंद न झालेलं मामींचं तोंड त्या एका वाक्यानं बंद झालं. सगळ्या जगाचा खालचा माल बाहेर काढणारा हा माणूस. त्याच्या आत हात घालून बघावं, हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं.

याला आता वर्ष होत आलं. मेहरूणला गेलो की मी मुद्दाम जेवायच्या वेळेलाच जातो. मामी आधी मामांचं घड्याळ मनगटावरून वर सारून बघतात, "आजून ढिलं शे" म्हणतात आणि ताटात आणखी एक भाकरी टाकतात. घड्याळ कधीच पूर्वीसारखं घट्ट झालंय, हे मला दिसतं, मामांनाही ठाऊक असणार. पण ते भाकरी उलटून न बघता मोडतात आणि खाऊ लागतात.