वाटीभर जांभळाचा रस

सुमन गेल्याचं कळलं तेव्हा मी मानवतच्या बसस्टँडवर होते. तिच्या नवऱ्याचा फोन आला, "ताई, आता घाई करू नका... संपलं." तरी मी वालूरला तिचं सासर गाठलं. घर माणसांनी भरलेलं, आणि तिची सासू, आमच्या काकू, स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडून नुसत्या उभ्या. आत जांभळाच्या रसाच्या बाटल्या.

आम्ही दोघी परभणीला एकाच कॉलेजात शिकवायचो, ती गृहविज्ञान, मी मराठी. जांभूळ, बोर, करवंद म्हणजे तिचा जीव की प्राण. सुटीच्या दिवशी गावोगाव बायकांना गोळा करून सांगायची, "जिभेला लागतो ना जांभळा रंग, तोच कामाचा हाय. लोखंडाला गंज चढतो तसा आपल्या अंगातबी चढतो, ह्यो रंग त्याला जरा थोपवतो." अँटिऑक्सिडंट हा शब्द ती नंतर सांगायची, आणि अगदी शेवटी, "पण बायांनो, हे अन्न हाय, औषध न्हाई." तेवढंच एक वाक्य कुणी घरी न्यायचं नाही. "तुझ्या बाया भाषणाला नाही, जांभळांना येतात," मी चिडवायची. "येऊ देत की, खातात तर!" वालूरच्या बैठकीत काकू सगळ्यांच्या पुढं बसल्या होत्या, सुनेचं कौतुक तोंडावर मावत नव्हतं.

पुढं सुमनलाच कॅन्सर निघाला. किमोनं तोंड आतून सोलून निघालं, साधं पाणी झोंबायचं. अन् रोज सकाळी काकू वाटी घेऊन हजर. हंगाम सरला तरी गर साठवून ठेवलेला. "पी माय. तूच सांगितलंस ना, गंज उतरतो म्हून." सुमन डोळे मिटून एकेक घोट गिळायची, डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळायचं. एकदा माझं डोकंच फिरलं. काकू बाहेर जाताच म्हटलं, "डॉक्टरांनी आंबट-तुरट बंद केलंय ना? तू सांग, नाहीतर मी सांगते." तिनं माझं मनगट धरलं. "नको गं... सकाळभर त्या गर कुस्करत्यात, गाळत्यात. तेवढा वेळ रडत न्हाईत." मला तिचा राग आला. अजूनही येतो.

तेराव्यानंतर पुन्हा गेले. काकूंनी मला जवळ बसवलं. "तू शिकलेली हायस, खरं सांग. म्या कमी पाजलं का?"

सुमनचं ते सोललेलं तोंड डोळ्यांपुढं आलं. सगळं ओठांवर आलं होतं.

"न्हाई काकू. लय पाजलंत."

त्या उठल्या, आतून वाटी भरून आणली आणि माझ्यापुढं धरली. "मग तू तरी पी. तिच्यावानी तुला होऊ नये." मी प्यायले. घसा तुरट झाला. मागच्या दारी दोरीवर रस गाळायचं फडकं टांगलेलं होतं, धुऊन धुऊन विरलेलं, तरी जांभळंच. वाटी ठेवायला गेले तेव्हा सहज हात लावला. ओलं होतं. त्या दिवशी सकाळीही काकूंनी गाळलं होतं.