एका ताटाचे पैसे

आबांना जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं आणि वीस मिनिटांच्या आत त्यांच्या पोटात अन्न गेलंच पाहिजे, हे डॉक्टरांनी मला इतक्यांदा बजावलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरी समुद्राकाठच्या त्या गावात मी घोळ घातलाच. दुसऱ्या कुणी घातला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. स्वतःला काय सुनावणार?

आबा म्हणजे माझे वडील. हातपाय चालत होते तोवर त्यांनी दर हंगामाला ऊस तोडला. सातारा, सांगली, पार कर्नाटकापर्यंत गेले, पण समुद्र काही पाहिला नाही. मी बीड जिल्ह्यातल्या कडा गावाजवळच्या एका शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना तो दाखवायचं ठरवलं, तर नवरा म्हणाला, घाटात गाडी चालवणं तुला जमायचं नाही. तेवढं ऐकलं आणि मी दुसऱ्याच दिवशी आबांना शेजारी बसवून निघाले. बॅगेत इन्सुलिनचं पेन, बिस्किटं, ग्लुकोजचा डबा असं सगळं होतं. पैसे मात्र फोनमध्ये. भाजीवालीपासून पेट्रोलपंपापर्यंत सगळं फोननेच चालतं, त्यामुळे रोकड बाळगायची सवयच मोडली आहे.

दुपारी एकच्या सुमाराला एका घरापुढे 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी दिसली. पडवीत दोन बाकडी होती. आम्ही बसलो आणि मी लगेच आबांच्या दंडात पेन टोचलं. आमच्याकडे ढाब्यावर टेकायचा अवकाश, पाण्याच्या तांब्यामागोमाग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी समोर येते. माझा हात त्या सवयीने चालला. आबांनी सकाळपासून चहा आणि बिस्किटांवर भागवलं होतं, म्हणून मला घाईही झाली होती.

दहा मिनिटं झाली तरी घरातून कुणी आलं नाही. मी दोनदा हाक मारली. शेवटी परसातल्या विहिरीवरून एक बाई ओले हात पदराला पुसत आल्या. पन्नाशीच्या असतील.

"जेवायला? सकाळी फोन केलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. का?"

"अहो ताई, आमच्याकडे आधी सांगावं लागतं. सांगितल्यावर मग करायला घेते मी. आता दीड तास तरी लागेल."

दीड तास! इंजेक्शन टोचून झालं होतं आणि टोचलेलं काही परत काढता येत नाही. जे असेल ते चालेल, नुसता भात चालेल, असं मी म्हणाले. त्यांनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. एम एच तेवीस.

"बीडचे का?"

हल्ली हा प्रश्न कसा येतो ते मला चांगलं कळतं. टीव्हीवर आमच्या जिल्ह्याचं जे काही दाखवतात, ते सगळं त्या दोन शब्दांत असतं. माझं डोकं तडकलं. "हो, बीडचे. बीडच्या माणसालाही भूक लागते," मी म्हणाले.

त्या ओशाळल्या, पण मागे हटल्या नाहीत. "राग मानू नका. पैसे आधी द्यावे लागतील. आणि रोख." त्यांनी पाटीकडे बोट केलं. तळाशी लाल रंगात 'ऑनलाइन पैसे बंद' लिहिलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. मागच्या हंगामात कुणी अनोळखी माणूस जेवून गेला होता आणि त्याने फोनवरून पाठवलेला पैसा फसवणुकीचा निघाला. बँकेने बाईंचं खातं गोठवलं. मुलाने मुंबईहून पाठवलेले पैसेही त्यातच अडकले आणि त्यांना तीन महिने बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. "आता फोन वाजला तरी धस्स होतं," त्या म्हणाल्या. त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या वेळी माझी भीती तिच्यापेक्षा मोठी होती.

"माझ्याकडे रोख नाही," मी सांगितलं. "पण वडिलांना इन्सुलिन दिलंय. आता काही खाल्लं नाही तर त्यांची साखर उतरेल."

हे मी आधीच सांगायला हवं होतं. बीडच्या नावावरून भांडण्यात मी ती मिनिटं घालवली. एवढं कानावर पडताच बाई धावत आत गेल्या. मी गाडीकडे पळाले. डबा उघडला तर ग्लुकोज तळाला चिकटलेलं, चमचाभरसुद्धा नाही. बिस्किटाचा पुडा आबांनी घाटात माकडांना वाटून टाकला होता आणि मी हसत बघत बसले होते.

परत आले तेव्हा आबांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. सदरा पाठीला चिकटला होता. डोळे माझ्याकडे होते, पण बघत नव्हते. बाईंनी सकाळचा भात, त्यावर आमटी, आणि पेल्यात साखरेचं पाणी आणलं. मी पेला आबांच्या ओठाला लावला. त्यांनी तोंड गच्च मिटून घेतलं.

"आबा, प्या."

त्यांनी मान फिरवली. मी बोट त्या पाण्यात बुडवून ओठांत घालायला गेले तर थरथरत्या हाताने माझा हात झिडकारला. साखर उतरली की माणूस हट्टी होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आपल्याच बापाने आपला हात परक्यासारखा झिडकारला की कसं वाटतं, ते पुस्तकात नव्हतं. इथे दवाखाना कुठे आहे, मी बाईंना विचारलं. बारा किलोमीटरवर, त्या म्हणाल्या. मला ते बारा किलोमीटर दिसू लागले. गाडीत शेजारच्या सीटवर कलंडलेले आबा दिसू लागले.

"आधी पैशे," आबा पुटपुटले. मघाचं त्यांनी ऐकलं होतं तर. "पैशे एकाच ताटाचे हायेत. पोरीला वाढा. मला भूक न्हाई."

पोरगी म्हणजे कोण, हे बाईंना कळायचं कारण नव्हतं. मला कळलं.

लहानपणी ऊसतोडीच्या तळावरून मला परीक्षेसाठी गावी सोडायला आबा एकटे यायचे. वाटेत एसटी बदलायची असे आणि स्टँडजवळच्या एका खानावळीत आम्ही थांबायचो. मालक आमच्या कपड्यांकडे पाहून आधी पैसे मागायचा. आबा गल्ल्यावर पैसे ठेवायचे, एक ताट यायचं आणि ते मी खायचे. आबा बाहेर हापशाजवळ उभे असायचे. मी तळावरून जेवून निघालोय, म्हणायचे. मी ते खरं मानलं. सात-आठ वर्षांच्या पोरीने मानलं तर एक वेळ ठीक. पण मी शिकले, मास्तरीण झाले, लेकुरवाळी झाले, तरी मला ते कधी खोटं वाटलं नाही.

"त्यांना मी लहान वाटतेय," मी बाईंना कसंबसं सांगितलं. "पैसे एकाच ताटाचे आहेत असं वाटतंय त्यांना."

बाईंचा चेहरा उतरला. पैसे आधी मागणाऱ्या त्याच होत्या. त्या आबांसमोर जमिनीवर बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, पैसे पोचले. दोन ताटांचे पोचले."

आबांनी मान थोडी वळवली. "पोरीनं खाल्लं का?"

बाईंनी ताट माझ्याकडे सरकवलं. "खा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "लवकर खा."

मी खाली मांडी घातली आणि आबांच्या डोळ्यांसमोर भाताचा घास तोंडात घातला. आबांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता, एकेक मिनिट हातचं जात होतं आणि मी जेवत होते. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. दुसरा घास घेतला. आबा बघत होते. "अजून खा, माय," ते म्हणाले. मी तिसरा घेतला, चौथा घेतला, रिकामं बोट चाटून दाखवलं आणि म्हणाले, "आबा, पोट भरलं माझं. लई खाल्लं."

तेव्हा कुठे त्यांचे ओठ सैल झाले. पेला आता बाईंच्या हातात होता. थोडं सांडलं, थोडं आत गेलं. मग पुन्हा थोडं. मी त्यांचं मनगट धरून बसले होते. नाडी मला मोजता येत नाही, तरी धरलं होतं.

पाव तासाने आबांनी पदराने तोंड पुसणाऱ्या माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कावून रडायलीस गं?" त्यांना काही आठवत नव्हतं. मग ते भात आणि आमटी नीट जेवले. बाईंनी सोलकढी दिली तर हे गुलाबी काय हाय म्हणून वाटी हातात धरून न्याहाळत बसले. बाई म्हणाल्या, पाठवा फोनवरूनच, खात्याचं होईल ते होईल. मी ऐकलं नाही. आबांना बाकड्यावर लवंडायला सांगून, बाईंना त्यांच्यापाशी बसवून, मी बारा किलोमीटरवरच्या त्या दवाखान्याच्या गावातल्या एटीएममधून रोख आणली. जाताना आणि येताना माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. परत आले तेव्हा आबांची छाती वरखाली होताना अंगणातूनच दिसली आणि मी गाडीतच दोन मिनिटं बसून राहिले. बाईंनी दोन ताटांचेच पैसे घेतले.

समुद्र तिथून जवळच होता. गाडी पुळणीशी थांबवली, पण उतरण्याआधी मला राहवेना.

"आबा, मला परीक्षेला गावी सोडायला यायचात तेव्हा तुमी तळावरून जेवून निघायचात ना?"

"मग? पोटभर जेवूनच निघायचो की," आबा म्हणाले.

"काय खायचात?"

त्यांनी समोरच्या काचेतून समुद्राकडे पाहिलं.

"आता ते कुठं ध्यानात ऱ्हातंय," ते म्हणाले आणि दाराची कडी चाचपू लागले.