सुतकातली हळद

कुणाच्या अंगात आलं की मी आजही खोलीतून उठून जातो. भूत, करणी, बाहेरची बाधा यांतलं काही मी मानलं नाही, मानतही नाही. तरी हे लिहितोय. भीती वाटते म्हणून नाही... राग येतो म्हणून. इतक्या वर्षांनीही तो कमी झालेला नाही.

आमचं घर परभणीजवळच्या झरी गावात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीची ती वर्षं. मी परभणीच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. बस चालू असेल त्या दिवशी जायचो, बंद असेल त्या दिवशी घरी वाचत बसायचो. घरात आई, मोठा दादा, मी आणि माझी बायको सुमन.

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, भिंतीत एक प्लग होता. हीटरच्या शेगडीसाठी बसवलेला. पुढे गॅस आला, शेगडी माळ्यावर गेली आणि तो प्लग नकोसा झाला. कुकरची वाफ नेमकी त्याच्यावर जायची, फोडणीचे थेंब त्याच्या भोकांत उडायचे. आईनंच वायरिंगवाल्याला बोलावलं.

"हे बंद करून टाक बाबा."

त्यानं प्लग काढला, खड्ड्यात कागदाचा बोळा कोंबला, वरून सिमेंट फिरवलं, चुना मारला. "घ्या मावशी, बंद केलं. हितं काय व्हतं, कुणाला कळायचं बी न्हाई आता."

खरं बोलला. दोन महिन्यांत आम्हीही ती जागा विसरलो.

मग पावसाळ्यात आई म्हणाली, "त्या भिंतीतून मुंग्या यायल्यात रे."

दादानं मुंग्यांची पावडर आणली आणि भिंतीच्या कडेनं टाकली. आठ दिवसांनी आईचं तेच.

"आई, येक बी मुंगी दिसंना मला."

"दिसत न्हाईत. पन येतात. हाताला येतात."

मी पुस्तकातून मान वर काढून म्हणालो, "मुंग्यांना पण तूच सापडतेस बघ." सगळे हसले. आईसुद्धा हसली. नंतर तिला परभणीला डॉक्टरांकडे नेलं. हातापायाला मुंग्या येतात म्हटल्यावर त्यांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. भिंतीचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. मी मराठीचा मास्तर. 'मुंग्या येणे'चा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न मी दरवर्षी घालतो!

आई गेली ती हृदयविकारानं. दुपारची, अंगणात, बाजेवर. भिंतीचा त्याच्याशी संबंध नाही, हे मुद्दाम लिहितो.

आमच्यात सुतकात हळद चालत नाही. तेरावा होईपर्यंत पिवळं काही शिजत नाही. आमची आत्या, वडिलांची बहीण, पहिल्याच दिवशी आली आणि तिनं हळदीचा डबा फडक्यात बांधून, स्वतःच्या हातानं गाठ मारून माळ्यावर ठेवला.

सातव्या दिवशी सकाळी आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. ओट्यावरच्या भिंतीवर हळदीची रेघ होती. ओल्या बोटानं ओढलेली, चौकोनी, वीतभर. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की आई त्याच्याभोवती ओढायची, तशी.

"सुनबाई, सुतकात हळद कुनी काढली?"

"मी न्हाई काढली, आत्या."

"मंग काय मी काढली? सासू जाऊन आठवडा न्हाई झाला, अन् हिचं राज्य सुरू!"

सुमननं कोरड्या फडक्यानं रेघ पुसली. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा तिथंच. आत्यानं सुमनचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, चोराचे बघतात तसे. हात स्वच्छ होते. मी म्हणालो, "आत्या, पुरे झालं." तर मलाच ऐकवलं, "तू वाच पुस्तकं."

पुसलेली रेघ तिसऱ्या दिवशीही परत आली, तसा आत्याचा निवाडा बदलला. "वहिनीचा जीव अडकला त्या भिंतीत. रेघंच्या मधोमध खिळा ठोका अन् लिंबू-बिब्बा बांधा." दादा हातोडी-खिळा घेऊन आला. माझ्या आईला खिळा ठोकणार! मी दारातच आडवा झालो.

"आधी पुसून घे," आत्या सुमनला म्हणाली. रेघ वाळून चिकटली होती, म्हणून सुमननं फडकं ओलं केलं. भिंतीला लावलं आणि हात झटकन मागं घेतला.

"अहो... मुंग्या आल्या हाताला."

तो शब्द. तीच जागा. मला सगळं एकदम कळलं.

"दादा, थांब! खिळा टाक खाली!"

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

निवृत्त लाइनमन निजामभाई गल्लीतच राहायचे. त्यांनी आधी मेन बंद असल्याचं स्वतः बघितलं, फ्यूज उपसून खिशात टाकले, मगच छिन्नी लावली. रेघेच्या बरोबर आत जुना खड्डा निघाला. कागदाचा बोळा ओला, काळा पडलेला. त्यात दोन उघड्या वायरी.

"मास्टर, इसको बंद नै बोलते," निजामभाई म्हणाले. "इसको छुपाना बोलते."

त्या वायरी जिथून फुटल्या होत्या त्या बोर्डापासूनच त्यांनी सोडवल्या आणि अख्ख्या ओढून बाहेर काढल्या. टेस्टर लावून खात्री केली आणि मग खड्डा बुजवला. तासाभराचं काम. दादा उकिडवा बसून जमिनीवरच्या खिळ्याकडे बघत होता.

रेघ परत कधी उमटली नाही.

तेराव्याला आत्यानंच डबा खाली काढला. तिची गाठ जशीच्या तशी होती. ती तिनंच सोडली, पण सुमनची माफी मागितली नाही. आजतागायत नाही.

कुणी काढली रेघ? घरच्या प्रत्येकाला मी विचारलं, शेजारीपाजारीही विचारून झालं. सगळ्यांनी नाहीच म्हटलं. आणखी एक प्रश्न आहे, तो मी निजामभाईंनाही विचारला होता... ओल्या फडक्यानं सुमनला मुंग्या आल्या, तर त्याच भिंतीवर ओल्या बोटानं, तीन-तीनदा, सावकाश चौकोन ओढणाऱ्याला काहीच कसं झालं नाही? ते फ्यूज परत बसवत होते. शेवटचा दाबून बसवला आणि त्यांनी मेन वर केला.

मला एवढंच कळतं की, जिवंतपणी आई 'मुंग्या' म्हणाली तेव्हा आम्ही पावडर आणली. म्हणून ज्या कुणी ती रेघ ओढली, त्यानं आम्हाला कळेल इतकंच सांगितलं – इथं मुंग्या आहेत.