माशांसाठी थांबलेलं उद्घाटन

चिकटवायच्या सिलिकॉनच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचणारा पुण्यात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या मित्राचा काका आहे. पत्रकं वाचत आणि वाटत मी मोठा झालो, पण त्यांच्याइतक्या निष्ठेनं छापील मजकूर वाचणारा कार्यकर्ता मी पाहिलेला नाही. बुधवार पेठेतल्या दुकानात ते खिशातून भिंग काढतात आणि विचारतात, "यात बुरशीनाशक आहे?" दुकानदार म्हणतो, "काका, सगळं चालतं." काका म्हणतात, "तुम्हाला चालेल हो. तुम्ही पाण्यात राहता का?" कुणी फिशटँकमध्ये नवी सजावट केली असं कळलं, की बोलावणं नसतानाही ते जातात, टँकमध्ये नाक घालून वास घेतात आणि यजमानांना दुरुस्त करून परततात.

शनिवार पेठेतल्या आमच्या मोफत वाचनालयात बालविभागासाठी फिशटँक आला, तेव्हा मुलांनी दिवाळीतल्यासारखा दगडांचा किल्ला आत उभारला. दगड चिकटवायला मी न्हाणीघराच्या फरशांचं सिलिकॉन आणलं. काकांनी ट्यूब वाचली. "बुरशी मारतं हे. मासा बुरशीपेक्षा जरा मोठा, एवढाच फरक." त्यांनी तो किल्ला बुरुजासकट बाहेर काढला, माखलेले दगड फेकले, काच खरवडली, कोरडे नवे दगड मागवले आणि कसलंही औषध न घातलेल्या साध्या सिलिकॉननं पुन्हा बांधायला घेतला. उद्घाटन तीन दिवसांवर होतं. पाहुण्यांच्या हातून मासे सोडायचे, असं पत्रकात मीच छापलं होतं.

"तीन दिवसांत वरून वाळेल, आतून नाही," काका म्हणाले. "व्हिनेगरसारखा वास येतोय तोवर मासा सोडायचा नाही."

"काका, माणसं येणार आहेत!"

"येऊ देत. त्यांना कुठे आत पोहायचंय?"

तत्त्वासाठी तुरुंगात जायची माझी तयारी होती. पाहुण्यांसमोर कोरडा टँक ठेवायची मात्र नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी काका टँकपुढे हात पसरून उभे राहिले. पाहुण्यांनी विचारलं, "मासे कुठे आहेत?" काका शांतपणे म्हणाले, "घर वाळतंय." सभागृह हसलं. मी मान खाली घातली. काका तसूभर हलले नाहीत.

रोज वास घेऊन, वास गेल्यावर दोनदा पाणी भरून ओतून, दहाव्या दिवशी त्यांनी एकच मासा सोडला आणि मुलांच्या बुटक्या स्टुलावर दुपारभर बसून राहिले. मासा किल्ल्याच्या दारातून आत गेला, बुरुजामागून बाहेर आला. दुसऱ्या दिवशीही तो तसाच फिरत होता, तेव्हा त्यांनी बाकीचे चार सोडले.

आता काका मुलीकडे दूरच्या गावी असतात. अधूनमधून संध्याकाळी त्यांचा फोन येतो. नमस्कार वगैरे काही नाही. "पाचही आहेत?" मी उठून, मोजून सांगतो, "आहेत." मग फोन हळूच ठेवल्याचा आवाज येतो.