भिंतीची विरळणी

“यातलं एक उतरवा.” प्रदर्शनाची भिंत सजून तयार झाली, की ती चार पावलं मागं सरकायची, एक डोळा मिटायची आणि हमखास हेच म्हणायची.

नाशिकच्या आमच्या कला महाविद्यालयात मुलांनीच चालवलेली एक छोटी गॅलरी आहे. चित्रं मुलंच निवडतात, मुलंच टांगतात. ऐनवेळी कुठलं उतरवायचं, ते मात्र गॅलरीप्रमुख ठरवते. आम्हा मास्तरांना तिथं चहा असतो, मत नसतं. त्या वर्षी प्रमुख होती ही, निफाडकडची, द्राक्षबागेत वाढलेली मुलगी.

माझंही एक निसर्गचित्र तिनं उतरवलं होतं. “सर, चांगलं हाय. पण लय दाटी होतीय.” मी दोन दिवस फुगून बसलो. मग जाऊन भिंत पाहिली आणि गपगुमान कबूल केलं, की पोरीची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

वर्षअखेरच्या प्रदर्शनाला तिचे वडील पहिल्यांदाच येणार होते. पोरगी चार वर्षं इथं नेमकं करते काय, हे त्यांना बघायचं होतं. तिचं चित्र दाराएवढं, साऱ्या मुलांनी एकमतानं निवडलेलं. त्याच्या शेजारी पहिल्या वर्षाच्या एका मुलीचं वहीएवढं चित्र.

सकाळी ती मागं सरकली, डोळा मिटला. “माझं उतरवा. शेजारचं दिसंनाच.”

“अगं, वडील येताहेत!” मी जवळजवळ ओरडलोच.

“आज माझं ठेवलं, तर उद्या कुणाचं उतरवू, सर?”

मी थक्क झालो. इतकी वर्षं शिकवतोय, पण माझ्याच्यानं हे झालं नसतं.

दुपारी वडील आले. चित्रांखालचं एकेक नाव वाचत भिंतीच्या टोकापर्यंत गेले. “तुझं कुठंय गं?”

“उतरवलं, अण्णा. शेजारचं दबत व्हतं.”

ते त्या वहीएवढ्या चित्रापाशी थांबले. मग मला म्हणाले, “घड दाटला की आम्ही चांगले मणीबी कात्रीनं काढतो, सर. विरळणी म्हणतो त्याला. लहानपणी ही त्या मण्यांसाठी रडायची.” आणि तिला म्हणाले, “मला तर दाखव.”

चित्र अंगणात आणलं. उजेडात नीट दिसावं म्हणून तीच ते धरून मागं उभी राहिली. पुढून फक्त तिची बोटं आणि चपला दिसत होत्या. वडील कितीतरी वेळ बघत राहिले. डोळ्यांना धार लागली होती, पुसायचंही भान नव्हतं.

“अण्णा,” चित्रामागून आवाज आला, “हाय ना तुम्ही?”

त्यांनी मान हलवली, पण ती तिला कुठून दिसणार? शेवटी मीच म्हणालो, “आहेत.”