जिताड्याच्या दोन पिशव्या

पाण्याचा ग्लास पुढे केला की तो आधी त्यात करंगळी बुडवायचा. ती क्षणभर हवेत धरायचा आणि मगच पाणी प्यायचा. आमच्या ठाण्याच्या मासेमारी परवाना कार्यालयात नवीन आलेल्यांना वाटायचं, म्हातारा जरा विक्षिप्त आहे. एकदा मी विचारलंच, तेव्हा म्हणाला, "पान्याला न इचारता तोंडान कसां घ्यावं, साहेब?"

काउंटरपलीकडे उभं राहून अलीकडच्याची परीक्षा घेणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझी परीक्षा तो दरवर्षी घ्यायचा आणि मी दरवर्षी नापास व्हायचो. त्याचं नाव सांगत नाही. कल्याणच्या खाडीकाठचा कोळी, एक होडी, दोन जाळी, एवढं पुरे.

माझीही ओळख करून द्यायला हवी. डोंबिवलीकर, जन्माचा शाकाहारी आणि मत्स्य खात्यात बत्तीस वर्षं. ओला बोंबील कसा दिसतो हे मला निवृत्तीच्या जरासं आधी कळलं. लहान पिल्लं निसटून जावीत म्हणून जाळ्याची भोकं केवढी असावीत, यावर मात्र मी अस्खलित परिपत्रकं लिहायचो. कोळी ती घेऊन जायचे आणि त्यात सुकट बांधायचे, असं मला त्यानेच सांगितलं.

परवान्याचं शुल्क वाढलं आणि त्या वाढीव पैशांतून खाडीत माशांची पिल्लं सोडायचं ठरलं, तेव्हा सगळे ओरडले. तो ओरडला नाही. अर्ज ऑनलाइन झाले होते, तरी तो काउंटरवर आला.

"मोबाइल पैशे घेतो, पन बोलत नाय," तो म्हणाला. "पैशे घ्या, साहेब. पन मासली दाखवा."

मी त्याला योजनेची फाइल दाखवली. त्याने ती उलटीपालटी करून परत दिली. "कागदाची मासली अंडी घालत नाय." पुढच्या वर्षी रंगीत तक्ता दाखवला, तरी तेच वाक्य. चेष्टा नव्हती ती. त्याच्या लहानपणी खाडीत जिताडा गळाला सहज लागायचा, आणि आता वर्षातून एखादा दिसला तरी घरी सांगण्यासारखी गोष्ट झाली होती. मरायच्या आधी जिताडा परत आलेला बघायचा, एवढंच त्याला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी जिताड्याची पिल्लं येणार हे नक्की झालं. मी ऐटीत त्याच्या हातात पिल्लं सोडायच्या समारंभाची निमंत्रणपत्रिका ठेवली. मजकूर माझाच. त्याने तारीख आणि दुपारची वेळ वाचून बोटांवर काहीतरी मोजलं.

"त्या दिशी आठम हाय. दुपारचं पानी उतरलेलं असल. मासली काय चिखलान सोरनार?"

"प्रमुख पाहुण्यांना तीच वेळ सोयीची आहे, काका."

"आनि खारीला?"

मी हसलो. माझ्या टेबलासमोर तीन कॅलेंडरं टांगलेली होती आणि तिन्हींवर त्या दिवसाची अष्टमी छापलेली होती. मी त्यांच्याकडे फक्त सुट्ट्या बघायला पाहत असे.

व्हायचं तेच झालं. ठरल्या दिवशी खाडीच्या धक्क्यावर टेम्पोतून प्राणवायू भरलेल्या चाळीस पिशव्या आल्या. प्रत्येकीत बोटाएवढी पिल्लं वळवळत होती. धक्क्याखाली नुसता चिखल, पाणी पार मध्यावर गेलेलं. साडेबारा वाजले, एक वाजला. पाहुण्यांना तीनदा फोन केला, उत्तर एकच, "माजिवड्याला आहोत." तिन्ही वेळा ते माजिवड्यालाच होते. तो पिशव्यांवर ओली गोणपाटं टाकत फिरत होता.

"साहेब, यांचा वारा संपत आला."

"पाहुणे आल्याशिवाय कसं सोडणार? मला विचारावं लागेल."

"मी इचारत नाय, सांगतो," तो म्हणाला, आणि शेजारच्या दोघांना घेऊन त्याने पिशव्या चिखलातून होडीपर्यंत न्यायला सुरुवात केली. मी अडवलं नाही, कारण अडवायलाही धैर्य लागतं. शेवटच्या पिशव्या उचलल्या गेल्या तेव्हा मात्र मी ओरडलो, "काका, दोन तरी ठेवा! फोटोला!"

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मग दोन पिशव्या परत आणून माझ्या पायाशी ठेवल्या. बाकीच्या त्याने भर खाडीत नेल्या, होडीला लागून पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं पाणी बाहेरच्याइतकं झालं की एकेकीचं तोंड सोडलं. घाई अजिबात नव्हती.

तो परतला आणि मागोमाग पाहुणे आले. भाषण झालं, पिशव्या धक्क्यावरून खाली ओतल्या गेल्या, टाळ्या झाल्या. पिल्लं चिखलात पडून तडफडू लागली. पाहुण्यांना विठ्ठलवाडीला पुढचा कार्यक्रम होता, ते निघालेही. तो मात्र पिशव्या तिरप्या झाल्या तेव्हाच गुडघाभर चिखलात उतरला होता आणि एकेक पिल्लू ओंजळीत उचलत होता. मी धक्क्यावरून दोरीने बादली खाली सोडली. मत्स्यसंवर्धनातलं माझं प्रत्यक्ष कार्य ते एवढंच.

खात्याच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेवर पिशव्या ओततानाचा फोटो छापायचा ठरला. खालच्या कोपऱ्यात वाकलेला तो दिसत होता. "हा माणूस काढा, चिखल दिसतोय," असं वरून सांगण्यात आलं, आणि मी दोन मिनिटांत काढला. माझ्या नोकरीत इतकं चटकन झालेलं काम दुसरं आठवत नाही.

पुढच्या वर्षी तो आला आणि शुल्क भरून गेला. मासली दाखवा, म्हणाला नाही. मीही पुस्तिका दाखवली नाही. त्यानंतर तो आलाच नाही. मुलाने ऑनलाइनची सवय लावली असेल, अशी समजूत करून घेऊन मी निवृत्त झालो.

मन खात होतं म्हणून यंदा त्याच्या घरी गेलो. माफी मागायची, असं रिक्षात दहादा घोकलं होतं. दारात त्याची बायको जाळं विणत बसली होती. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. मी कुठल्या ऑफिसातून आलो ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा एकदम उजळला.

"तुमीच का ते धक्क्यावरचं साहेब? लय सांगायचं तुमचं. पावना निघून गेला, पन साहेब माझ्यासंगती चिखलान उतरलं, दोघांनी मिलून पिल्लां येचली, अर्दी जगली." तिने जाळं बाजूला ठेवलं. "सगल्या वस्तीला सांगितलंय त्यांनी."

तिला खरं सांगायला मी तोंड उघडलं. तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"बूट पार खराब जालं असतील तुमचं त्या दिशी."

"हो," मी म्हणालो. "फार."